मुंबईत मोठ्या माणसासाठी ओटी शोधताय? आधी बाबांना काय करायचंय ते विचारा

ताईंचा प्रश्न वरती कुठेतरी हरवला आहे म्हणून थोडक्यात परत लिहिते. वडील ६७ वर्षांचे, मालाडला आईसोबत राहतात, ताई स्वतः पुण्याला. चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. घरी फिजिओ येतो, आता काठी धरून हॉलमधून बाथरूमपर्यंत जातात, पण हात तसाच. आई भरवते, आई आंघोळ घालते, आई कपडे घालते. डिस्चार्ज कार्डावर शेवटी "ओटी" लिहिलं होतं ते यांना ऑपरेशन थिएटर वाटलं, आणि परवा कोणीतरी सांगितलं की ते ऑक्युपेशनल थेरपी आहे. मग सर्च केलं तर सगळी लहान मुलांची सेंटर निघाली. तर चांगला ओटी कसा शोधायचा, किती घेतात, आणि आता उशीर झालाय का?

मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आजारानंतर रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी, २१ वर्षं झाली. महापालिकेच्या हॉस्पिटलात शिकले, काही वर्षं तिथेच काम केलं, आता घरोघरी जाते, बहुतेक स्ट्रोक आणि हाताच्या केसेस. ऑपरेशन थिएटरचं हसू नका कोणी, माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं की सून ऑपरेशनला मदत करते.

उशीर झालाय का, ते आधी सांगते कारण तेच तुमच्या डोक्यात जास्त असणार. नाही झाला. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेंदू आपणहून जेवढं परत मिळवतो तेवढा वेग पुढे राहत नाही हे खरं आहे, त्यामुळे अजून दोन महिने नुसते शोधण्यात घालवू नका. पण वेग कमी होणं म्हणजे दार बंद होणं नव्हे, माझ्याकडे वर्षानंतर आलेली माणसं स्वतःच्या हाताने जेवायला लागलेली आहेत. कधी त्याच हाताने, कधी दुसऱ्या. आणि हा "कधी दुसऱ्या" भाग कोणी नीट समजावून सांगत नाही म्हणून हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही विचारलंय चांगला ओटी कोण. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे की बाबांना नेमकं काय जमत नाही आणि ते का जमत नाही. हे माहीत असेल तर माणूस शोधणं अर्धं सोपं होतं आणि फोनवर दोन मिनिटांत कळतं की समोरचा कामाचा आहे का. हे माहीत नसेल तर मुंबईत तुम्हाला चाळीस नंबर मिळतील आणि चाळीसही जण म्हणतील हो हो आम्ही स्ट्रोक करतो.

फिजिओ आणि ओटी यातला फरक लोक विचारतात तेव्हा मी असं सांगते. फिजिओने पायात ताकद आणली, तोल आणला, बाबा बाथरूमपर्यंत पोचले. आता बाथरूमच्या आत काय होतं? पायजम्याची नाडी एका हाताने सुटत नाही, इंडियन संडास असेल तर बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही, तांब्या कुठल्या हाताने धरायचा, मग परत नाडी. हे सगळं ओटीचं काम. दोघांच्या कामात सरमिसळ भरपूर आहे, चांगला फिजिओ यातलं बरंच करतो आणि मी पण तोल-ताकद बघतेच, पण सुरुवात वेगळ्या टोकाने होते.

आता ते "का जमत नाही". उजवी बाजू गेली म्हणजे मार बहुतेक मेंदूच्या डाव्या भागाला बसलाय. तिथे भाषेचं पण काम चालतं आणि, हे कमी लोकांना माहीत असतं, सवयीच्या कृती जुळवण्याचं पण. म्हणजे हातात ताकद असूनही माणूस कंगवा उचलून दात घासायला जातो, किंवा ब्रश हातात घेऊन नुसता बघत बसतो. घरचे म्हणतात डोकं गेलं, किंवा मुद्दाम करतात. तसं नसतं, याला ॲप्रॅक्सिया म्हणतात. गंमत म्हणजे तो डाव्या, चांगल्या हाताला पण असू शकतो. आता अशा माणसाला कितीही व्यायाम द्या, ब्रश करता येणार नाही, कारण अडचण स्नायूत नाहीच. त्याला कृतीचे तुकडे करून, हातावर हात ठेवून, रोज त्याच जागी त्याच क्रमाने शिकवावं लागतं. म्हणून आईंना एक काम सांगा: उद्या सकाळी बाबांच्या डाव्या हातात ब्रश द्या, काही बोलू नका, आणि मोबाईलवर एक मिनिट शूट करा. तसंच एक जेवतानाचं आणि एक शर्ट घालतानाचं. मदत न करता, फार तर तीस सेकंद अडखळू दे. हे तीन व्हिडिओ तुमच्या सगळ्या रिपोर्टच्या फाइलपेक्षा ओटीला जास्त सांगतील, आणि तुम्ही पुण्याला असल्यामुळे फोनवर शोधाशोध करताना पाठवायला पण होतील. (आंघोळीचं नको शूट करू, बाबांची लाज ठेवा, ते तोंडी सांगितलं तरी चालतं.)

आणि मग बाबांना विचारा की त्यांना स्वतःचं स्वतः काय करायचंय. आईला नका विचारू, त्यांनाच. बोलणं नीट नसेल तर चार-पाच गोष्टी सांगा आणि मान हलवायला सांगा. हा मला स्वतःला महागात पडलेला धडा आहे. नवीन होते तेव्हा एका काकांबरोबर मी तीन आठवडे शर्टाची बटणं लावण्याची प्रॅक्टिस केली, मस्त प्रगती होती, फाइलमध्ये आलेख वर जात होता. एक दिवस काकू म्हणाल्या, मॅडम हे तर घरी गंजीवरच असतात, शर्ट लग्नाकार्याला. मग काकांना विचारलं तर ते खाली बघून म्हणाले, संडासला ही आत येते ते नको वाटतं. नाडी सोडायला काकू आत जायच्या! पायजम्याला इलॅस्टिक घातलं, भिंतीला एक दांडा लावला, आणि त्या आठवड्यापासून दार आतून बंद. कडी नाही हं, नुसतं लोटलेलं, पडले तर बाहेरून उघडता आलं पाहिजे. इलॅस्टिकचं काम गल्लीतल्या टेलरने पंधरा मिनिटांत केलं होतं आणि मी तीन आठवडे बटणं लावत बसले होते.

तुमच्या बाबांच्या बाबतीत अजून एक गोष्ट असणार, उजवा हात गेलाय म्हणून. आपल्याकडे उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्याने धुवायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. आता दोन्ही कामं डाव्याच हाताने. बरीच माणसं भरवून घेणं पत्करतात पण डाव्या हाताने जेवत नाहीत, आणि कारण तोंडाने सांगत नाहीत. पूजा करणारे असतील तर आणखीच. घरच्यांना वाटतं उत्साह नाही. यावर साधे उपाय आहेत, कमोडला जेट स्प्रे लावला की हाताचा प्रश्न निम्मा सुटतो, आणि जेवायला जाड दांड्याचा चमचा, म्हणजे साध्या चमच्याला फोमची नळी चढवली की झालं. उभ्या कडेचं ताट आणि खाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. चमच्याने जेवलं की "डावा हात ताटात" हे मनाला कमी लागतं. डाव्या हाताचा हा संकोच परदेशी पुस्तकातून फारसा कळत नाही, आपल्याकडच्या घरात जाऊन जाऊन कळतं, म्हणून मी सारखी म्हणणार आहे की घरी येऊन बघणारा माणूस शोधा, निदान पहिल्यांदा तरी.

बरं, आता शोधायचा कुठे.

मुंबईचं एक नशीब आहे की हा व्यवसाय भारतात सुरूच इथून झाला. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० साली पहिलं ओटीचं स्कूल निघालं, कमला निंबकर यांनी काढलेलं. बाई मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकर झाल्या, फलटणच्या लोकांना कमला निंबकर बालभवन शाळेमुळे नाव माहीत असेल, त्याच या. नंतर १९५२ ला ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन झाली. सांगायचा मुद्दा हा की मुंबईत ओटीची कमतरता नाही. केईएम, सायन, नायर या तिन्ही पालिकेच्या कॉलेजांत ओटीची डिग्री आहे, सगळीकडे ओपीडी चालते. पण बाहेर पडलेली बरीच मुलं आज लहान मुलांच्या कामात जातात, ऑटिझम, सेन्सरी, शाळेतलं अक्षर वगैरे, कारण मागणी तिथे आहे आणि सेंटर चालवायला तेच परवडतं. तुम्हाला सर्चमध्ये झोके आणि रंगीत चेंडूच दिसले ते म्हणूनच. त्यांचा दोष नाही, पण ज्याने दहा वर्षं फक्त मुलं बघितली त्याच्याकडे बाबांना नेऊ नका, डिग्री तीच असली तरी.

माझा सगळ्यात खात्रीचा उपाय जरा जुना आहे. कॉलेजच्या ओटी डिपार्टमेंटला जा किंवा कोणाला तरी पाठवा, सकाळच्या वेळी, आणि तिथल्या शिकवणाऱ्यांना विचारा, मालाड-कांदिवली-गोरेगाव भागात मोठ्या माणसांचं न्यूरोचं, म्हणजे स्ट्रोकसारख्या मेंदूच्या आजारांचं, काम करणारे तुमचे जुने विद्यार्थी कोण आहेत? आम्हाला सगळ्यांना माहीत असतं कोण कुठे आहे आणि कोण काय करतं, छोटी जमात आहे आमची. शिकवणारे सहसा दोन-तीन नावं देतात आणि त्यात स्वतःचा फायदा नसतो. दुसरा स्रोत तुमचा सध्याचा फिजिओ. लोकांना वाटतं त्याला राग येईल. चांगल्या फिजिओला येत नाही, उलट तो हातासाठी कोणालातरी शोधतच असतो. तो जर म्हणाला "ओटी वगैरेची गरज नाही, मीच करतो सगळं", तर त्याला ते ब्रशचं आणि संडासचं विचारा, करत असेल तर खरंच उत्तम, चार महिन्यांत आईच सगळं करते आहे त्यावरून मला तरी शंका आहे. न्यूरॉलॉजिस्टपेक्षा त्यांच्या ओपीडीबाहेर बसलेल्या इतर पेशंटच्या बायका-मुलींना विचारलं तर जास्त कळतं, हे पण खरं.

सरकारी मार्ग लोक टाळतात, पण मी टाळू नका म्हणेन. हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची, ओटी, फिजिओ, स्पीच, हाताचे स्प्लिंट आणि पायाचे कॅलिपर असे आधार बनवणारं वर्कशॉप सगळं एका आवारात. पालिकेच्या हॉस्पिटलांत केस पेपर काढला की पैसे नाममात्र. एवढे स्ट्रोकचे पेशंट रोज बघणारी माणसं प्रायव्हेटमध्ये कुठे मिळणार. अडचण काय, तर गर्दी, रांग, आणि बरेचदा रोजचं काम इंटर्न किंवा विद्यार्थी करतात, सीनियर बघून जातात. त्यात वाईट काही नाही, विद्यार्थी वेळ देतात, आम्ही सगळे तसेच शिकलो. पण मालाडहून लोकलने महालक्ष्मी, मग तिथून टॅक्सी, काठी धरून, दिव्यांगांचा डबा असला तरी प्लॅटफॉर्म आणि डब्यातली ती उंची आहेच, आणि घरी येईपर्यंत माणूस एवढा थकतो की त्या दिवशी हाताचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून मी कुटुंबांना असं सुचवते की महिन्यातून एकदा मोठ्या ठिकाणी नीट तपासणी, स्प्लिंट, सल्ला, आणि आठवड्याचं काम घराजवळच्या माणसाकडून. आधी जवळच्या पालिका रुग्णालयात ओटी आहे का ते पण विचारून घ्या, उपनगरातल्या लोकांच्या हे डोक्यातच येत नाही आणि ते थेट परळ गाठतात.

इथे माझं ठाम मत आहे आणि कोणाला पटणार नाही कदाचित: या शहरात अंतर हा थेरपीचाच भाग समजा. दादरचा नावाजलेला ओटी महिन्यातून दोनदा भेटण्यापेक्षा मालाडचा बरा ओटी आठवड्यातून दोनदा भेटलेला चांगला. हाताचं काम म्हणजे घासूनघासून, शेकडो वेळा तीच हालचाल, आणि दर चार दिवसांनी कोणीतरी बघून थोडं बदलायचं. नाव मोठं असून माणूस पोचत नसेल तर काय करायचंय.

कागदपत्रांचं. महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओ दोघांसाठी मिळून एकच राज्य कौन्सिल आहे आणि नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. नोंदणी नंबर बिनधास्त विचारा, खऱ्या माणसाला वाईट वाटत नाही. फक्त एक गोम आहे, कौन्सिल एकच असल्याने "कौन्सिलची नोंदणी आहे" एवढ्यावर तो ओटीच आहे असं होत नाही, फिजिओचीही तिथेच असते. म्हणून डिग्री विचारा. ओटीची बीओटीएच, त्यापुढे एमओटीएच. फिजिओची बीपीटीएच. बोर्डावर "फिजिओ व ओटी क्लिनिक" असतं आणि आत ओटी कोणी नसतो हे मी भरपूर बघितलंय. नावापुढचं डॉक्टर बघून काही कळत नाही, आम्ही सगळेच लावतो.

फोनवर काय विचारायचं ते लोक लिहून मागतात, पण मला विचारण्यापेक्षा ऐकण्यात जास्त रस आहे. तुम्ही एवढंच म्हणा, "वडिलांना स्ट्रोक झालाय, उजवा हात, चार महिने झाले," आणि गप्प बसा. समोरचा लगेच म्हणाला, "एवढे सेशन, एवढे पैसे, आमच्याकडे मशीन आहे," तर आभार मानून ठेवून द्या. त्याने विचारलं, बोलणं कसं आहे, खांदा दुखतो का, बोटं थोडी तरी उघडतात का, संडास कुठला आहे, लिफ्ट आहे का, दिवसा घरी कोण असतं, तर बोलणं पुढे चालू ठेवा. नंतर तुम्ही विचारा की सध्या तुमच्याकडे स्ट्रोकचे मोठे पेशंट किती आहेत. आकडा कितीही असू दे, उत्तर देताना तो अडखळतो का ते बघा.

पहिल्या भेटीत निदान पाऊण तास नुसतं बघण्यात जायला हवा. मी जाते तेव्हा आधी मोरीत जाते, मग स्वयंपाकघर, मग पलंगाची उंची. बाबांना खरंच चहाचा कप उचलायला लावते. खांदा हाताने चाचपून बघते कारण अशा हातात खांद्याचा सांधा खाली सरकलेला असतो बरेचदा. हे आईंना आजच सांगा, ओटी मिळेपर्यंत थांबू नका: उठवताना तो हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही, बसले की हात खाली लोंबकळत ठेवायचा नाही, उशीवर किंवा टेबलावर ठेवायचा. कपडे घालताना आधी दुखरा, म्हणजे स्ट्रोकने गेलेला, हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. आणि तो रबरी चेंडू. कोणीतरी दिलाच असेल दाबायला, सगळ्यांकडे असतो. तो बाजूला ठेवा. बहुतेकांची बोटं मिटायला लागलेलीच असतात, अडचण उघडण्याची असते, दिवसभर मूठ दाबून दाबून ती आणखी घट्ट करून ठेवतात माणसं आणि वर सांगतात, मॅडम ताकद आली बघा.

कोणती थेरपी करावी हे मी इथून सांगू शकत नाही, हात बघितल्याशिवाय कोणीच सांगू नये. उदाहरणच द्यायचं तर चांगला हात बांधून ठेवून दुखऱ्या हाताकडूनच काम करून घ्यायची एक पद्धत आहे, तिला चांगला पुरावा आहे, आणि काही लोक यूट्यूब बघून स्वतःच करतात. पण त्यासाठी मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून मागे उचलता आली पाहिजेत. ज्याचा हात तेवढाही हलत नाही त्याचा चांगला हात बांधलात तर तो माणूस फक्त लाचार होतो आणि चिडतो. त्याच्यासाठी आरसा वापरून करायचे व्यायाम असतात, किंवा दुखरा हात कागद दाबून धरायला, ताट अडवायला असा मदतनीस म्हणून वापरायला शिकवायचा. आणि काही हातांच्या बाबतीत खरंच सांगावं लागतं की हा कामाचा होणं अवघड आहे, आता आपण डाव्या हाताने सगळं बसवू आणि हा दुखणार नाही, आखडणार नाही एवढं बघू. हे स्पष्ट बोलणारा ओटी भेटला तर त्याला सोडू नका. "सहा महिन्यांत शंभर टक्के" म्हणणारा भेटला तर तुम्हीच निघा.

पैशांचं माझ्या आणि माझ्या ओळखीतल्यांच्या अनुभवावरून सांगते, पश्चिम उपनगरात घरी येण्याचे एका वेळचे साधारण ८०० ते १५०० रुपये, सीनियर असेल किंवा लांबून येत असेल तर जास्त, क्लिनिकला गेलात तर कमी. एजन्सीकडून माणूस घेतलात तर त्यात त्यांचा वाटा असतो आणि दर महिन्याला माणूस बदलायची शक्यता, स्ट्रोकमध्ये ते फार नडतं. वीस-तीस सेशनचे आगाऊ पैसे देऊ नका, आठवड्याचे किंवा महिन्याचे द्या. मशीन, हातमोज्यासारखं रोबोटिक काहीतरी, विकत घ्या म्हणाले तर आधी चार आठवडे साधं काम करून बघू म्हणा. स्प्लिंट बनवायचा असेल तर तो प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून हातावरच बेततात, त्याचे वेगळे पैसे होतात आणि ते रास्त आहेत, तयार मिळणारे बहुतेकांना नीट बसत नाहीत. काढल्यावर लाल वळ वीस-पंचवीस मिनिटांनीही गेला नाही तर बनवणाऱ्याकडून बदलून घ्या. आणि स्प्लिंट आईंना एकटीला चढवता येतो का ते तिथेच करून बघायला लावा, नाहीतर तो कपाटावर जाऊन बसतो. हेल्थ इन्शुरन्स ओपीडी थेरपीला सहसा देत नाही, पण बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवसांचा खर्च धरतात, तुमचे ते दिवस गेले असले तरी त्या काळातली फिजिओची बिलं असतील तर क्लेमची मुदत अजून आहे का ते विचारा. वाचणाऱ्या बाकीच्यांनी ही तारीख लक्षात ठेवा.

किती दिवस चालेल? हात कसा आहे, बोलणं समजतं का, मन कसं आहे, यावर. मनाचं मुद्दाम लिहिते कारण स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका माणसाला डिप्रेशन येतं आणि घरात त्याला आळस म्हणतात. बाबा भिंतीकडे तोंड करून पडत असतील, टीव्ही पण नको म्हणत असतील, तर आधी न्यूरॉलॉजिस्टला सांगा, त्याच्या गोळ्या असतात, त्याशिवाय माझ्यासारखीने कितीही चमचे दिले तरी फरक पडत नाही. घास गालात साठून राहत असेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्ट लागेल, तो वेगळा माणूस. बाकी ठीक असेल तर मी सहसा पहिले सहा ते आठ आठवडे आठवड्यातून दोनदा जाते, मग एकदा, मग महिन्याने. आठ आठवड्यांत एकही कृती आईच्या हातून बाबांच्या हातात गेली नसेल, मग ती तोंड पुसण्याएवढी लहान का असेना, तर काहीतरी चुकतंय, ओटीशी बोला, पटलं नाही तर बदला. आम्ही रागावत नाही. म्हणजे रागावतो थोडं, पण ते आमचं आम्ही बघू.

एक शेवटचं आईंबद्दल. चार महिने सगळं त्या करतायत म्हणजे त्यांची कंबर, झोप आणि चिडचिड तिन्ही वाढलेलं असणार. येणाऱ्या ओटीला सांगा की निम्मा वेळ आईंना शिकवण्यात गेला तरी चालेल. बाबा दोन मिनिटांत जे करतील ते आई दहा सेकंदांत करून मोकळ्या होतात, प्रेमापोटी आणि घाईपोटी, आणि कुकर लावलेला असतो. सगळ्या दिवसाचं नका बदलू, त्या वैतागतील. फक्त दुपारचं जेवण, तेव्हा घाई नसते, तेव्हा बाबांनी स्वतः जेवायचं आणि आईंनी शेजारी बसून स्वतःचं गरम जेवायचं. सांडलं तर सांडलं, खाली पेपर अंथरा.

ते तीन व्हिडिओ झाले की इथे टाकू नका, पब्लिक आहे हे. बाबांना काय करायचंय म्हणाले ते मात्र इथे लिहा, आणि घर मालाड ईस्टला की वेस्टला ते पण, रेल्वेचा पूल ओलांडून येणारा ओटी पावसाळ्यात टिकत नाही. मी माझ्या बॅचच्या लोकांना विचारून ठेवते.